दोन चमकांमधला अंधार

दीपगृहाचा फोटो काढायचा ठरला की मी आधी पंचांग पाहतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अमावास्येला तो सव्वाअकरा-बाराच्या घरात येतो, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. सूर्य बुडताना खडक उघडे असतात आणि पुढे काळोखही निखळ मिळतो. पौर्णिमेलाही ओहोटी त्याच वेळी लागते, पण चांदण्यात दिव्याचे झोत फिके पडतात. म्हणून माझी पसंती अवसेला. मात्र हे उधाणाचे दिवस. पाणी उतरतं तितक्याच वेगाने चढतं, तेव्हा परतीची वाट उजेडातच हेरून ठेवावी.

मनोऱ्याचे रंग टिपायचे तर सकाळी जावं. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचं ऊन जमिनीच्या बाजूने मनोऱ्यावर पडतं; संध्याकाळी तिथून नुसती काळी आकृती दिसते. हे रंग आणि पट्टे शोभेसाठी नाहीत. दिवसा खलाशी त्यांवरूनच दीपगृह ओळखतो.

रात्री तो चमकांवरून ओळखतो. जुन्या धाटणीच्या दीपगृहात दिवा अखंड जळत असतो; फिरतो तो त्याच्याभोवतीचा भिंगांचा पिंजरा. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने रचलेली अशी भिंगं 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर प्रथम बसली. वर-खाली वाया जाणारा उजेड लोलकांनी वळवून क्षितिजाकडे पाठवायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे मनोऱ्यातून वेगवेगळे झोत निघतात आणि समुद्रावरून फिरतात. झोत आपल्या नजरेसमोर येतो, तेवढीच चमक.

इथे शटरचा प्रश्न येतो. तीस सेकंद उघडं ठेवलं तर फिरते झोत एकमेकांत मिसळतात आणि मनोऱ्याच्या माथ्यावर दुधट तबकडी उमटते. ती देखणी दिसते, पण डोळ्यांना तसं कधीच दिसत नाही. मी आयएसओ 3200 च्या पुढे नेतो, छिद्र पूर्ण उघडतो आणि एखाद्या सेकंदात फोटो घेतो. झोत सुटे राहतात. हवेत थोडा दमटपणा हवा, तरच त्यांना अंग येतं. तोच दमटपणा खार घेऊन काचेवर बसतो. ती कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी ओलसर कापड, मग कोरडं.

हे सगळं जमलं तरी फोटोत एक गोष्ट येत नाही. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ला उभारायला घेतला आणि तिथेच 1867 मध्ये इंग्रजांनी दीपगृह बांधलं. रात्री समुद्रावरून येणाऱ्या तांडेलाला तिथला किल्ला दिसत नाही, मनोराही दिसत नाही. तो एका चमकेपासून दुसरीपर्यंतचे सेकंद मोजतो आणि त्यावरून आपण कुठे आहोत हे ताडतो. शेजारच्या दीपगृहाचा क्रम निराळा असतो. दिव्याची ओळख उजेडाइतकीच मधल्या अंधारातही असते, आणि कॅमेरा फक्त उजेड साठवतो.

म्हणून फोटो काढण्याआधी मी घड्याळ लावून तो क्रम मोजतो आणि चित्राखाली लिहितो: किती चमका, किती सेकंदांनी. तुम्हीही दीपगृहाचा फोटो काढाल तेव्हा ठिकाणाच्या नावाखाली ही एक ओळ जरूर लिहा. तिच्याविना ते चित्र एका मनोऱ्याचं असतं, दीपगृहाचं नव्हे.