'पी'चा झाला 'एफ'

मागच्या वीकांताला राधानगरीला गेलो होतो. पाऊस म्हणजे नुसता धो धो. लाइट गेलेली. करायला काहीच नाही म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली आणि आबांचा तिकिटांचा अल्बम हाती लागला.

त्यात १९३१ ची पाव आण्याची चार कोरी तिकिटं होती. नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त सहा तिकिटं निघाली, त्यातलं हे सगळ्यात स्वस्त. चित्र दिल्लीच्या पुराना किल्ल्याचं, सोबत पंचम जॉर्ज. चारांपैकी एकावर इंग्रजी 'पुराना'तल्या 'पी'च्या पोटाची उजवीकडची रेघच गायब. 'एफ' झालेला!

च्यायला, मी उडालोच. कारण ही चूक प्रसिद्ध आहे. स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये तिची वेगळी नोंद आहे. ही तिकिटं आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली. एका प्लेटवर एकाच तिकिटाच्या कितीतरी प्रतिमा शेजारी शेजारी असतात. त्यातल्या एकीचं अक्षर बिघडलं, की त्या प्लेटवरून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर त्याच जागी तीच चूक उमटते. संग्राहक भाव देतात तो या चुकीला. शाईचा एखादा ठिपका, मध्येच आलेला धूळकण, याला किंमत नाही. आम्ही आयटीवाले म्हणतो तसंच, बग पुन्हा पुन्हा दिसला तरच तो खरा, नाहीतर योगायोग.

"किती येतील रं?" काकांनी विचारलं.

"साध्या तिकिटापेक्षा बरेच, काका."

झालं! काकांनी लगेच पडवीचे पत्रे बदलायचा हिशेब सुरू केला. आणि मी इकडे आबांचं भिंग घेऊन बसलो.

प्लेटचीच चूक असेल तर तिथे शाई कधी लागलेलीच नसते, त्यामुळे कागद गुळगुळीत असतो. बॅटरी आडवी धरून उजेड पाडला तर 'पी'च्या उजवीकडे कागदाचे बारीक तंतू उभे दिसले. पोटात गोळा आला. आबांनी चारही तिकिटं एकावर एक ठेवली होती. इथल्या दमट हवेत डिंक ओला होतो आणि वरच्या तिकिटाची पाठ खालच्याच्या तोंडाला चिकटते. वरचं तिकीट उलटं केलं. डिंकावर इवलासा रंगाचा तुकडा. हरवलेली रेघ तिथे होती!

म्हणजे चूक नाशिकच्या प्लेटची नव्हती, राधानगरीच्या पावसाची होती.

काकांना सगळं दाखवलं. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "फोटोत कळतंय का हे?"

"नाही कळत."

दोघंही गप्प. खरं सांगतो, तो विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. नेटवर फोटो टाकला असता तर कुणीतरी घेतलंही असतं.

"ठेव आत," काका म्हणाले. "म्हंजे पावसानंच खाल्लं म्हण की. पत्रं बी त्यानंच खाल्ल्यात." आणि गळक्या पत्र्याखालची बादली रिकामी करायला उठले.

असो. तुमच्या घरी असा अल्बम असेल तर तिकिटांमध्ये बटर पेपर घाला, आणि चिकटलेली तिकिटं ओढून सोडवू नका. मी चारही तिकिटं वेगवेगळ्या पाकिटांत ठेवली आहेत. त्या एका पाकिटावर पेनने लिहिलंय, 'एफ नाही, पीच आहे.'