काय नको ते आधी सांगा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात तुमच्यापैकी तिघा-चौघांनी आणि माहेरच्या झाडून सगळ्यांनी (पुण्याची मावशी त्यात आघाडीवर) एकच प्रश्न विचारला. दहा माणसं, त्यातली तीन सत्तरीची किंवा पुढची, टूरवाल्याशिवाय बोटीने गोव्याला जाऊन आलीच कशी? प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी मंडळींची ओळख. सासर नांदेड, माहेर लातूर. नांदेडहून मी, हे, दोन्ही लेकरं आणि सासूबाई. लातूरहून बाबा, आई, दादा, वहिनी आणि भाचा. यातल्या एकानेही कधी जहाजात पाऊल ठेवलेलं नव्हतं. कोकणातल्या लोकांना बोटीचं अप्रूप नाही, त्यांच्या दोन-तीन पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी गेल्या. आपल्याकडे मात्र पाण्याचा आणि गाडीचा संबंध आला तो भलताच. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात बाबा तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालायचे. अशा घरातली माणसं समुद्रावर राहायला निघाली म्हटल्यावर गल्लीत चर्चा होणारच.

खरं तर सुरुवात बोटीपासून झालीच नाही. दोन वर्षांपासून सगळ्यांनी मिळून कुठंतरी जाऊ असं चाललं होतं. एका टूर कंपनीचं पत्रकही आणलं. पाच दिवसांत चार गावं, रोज सकाळी सहाला बॅगा बाहेर. फॉर्मवर वय, आधार नंबर, शाकाहारी की मांसाहारी एवढंच. बाबांनी तो फॉर्म बघितला आणि म्हणाले, "तुम्ही जा. मी घर सांभाळतो."

हे "घर सांभाळतो" आम्ही तीन वेळा ऐकलं होतं. भाच्याच्या मुंजीनंतर तुळजापूरला जाताना, चुलत बहिणीच्या लग्नाला सोलापूरला, आणि पंढरपूरला. आम्ही समजलो, वय झालं, ७८ चालू आहे, हौस कमी झाली असेल. त्यात बाबा कमी बोलणारे. उभा जन्म मोंढ्यात आडतीवर मुनीम म्हणून गेला, तिथं बोलण्यापेक्षा ऐकण्याचे पैसे मिळतात असं त्यांचं म्हणणं :)

मग मी एक केलं. सगळ्यांना "काय बघायचंय?" असं न विचारता "काय नको?" असं विचारलं. प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून द्यायच्या, अट एवढीच. लेकरांनी लिहिलं: रोज पहाटे उठणं नको, रांगा नकोत, मोबाईल काढून घेणं नको. सासूबाईंनी लिहिलं: कांदा-लसूण नको, जिने नकोत, आणि "माझ्यामुळे कुणाचं काही राहायला नको." वहिनीने लिहिलं: स्वयंपाक नको. (एकच गोष्ट, पण तीनदा.) बाबांच्या कागदावर एकच ओळ होती: "मला न्यायला नको."

त्या रात्री वहिनीचा फोन आला. म्हणाली, "ताई, एक सांगू का? बाबा प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मागे तुळजापूरला गेलो तेव्हा दुपारी दोनपर्यंत घोटभरसुद्धा घेतलं नव्हतं. मी बाटली दिली तर हातात धरून बसले." प्रोस्टेटचा त्रास. दर तासाला उठावं लागतं. एसटीत ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगायची, सगळी गाडी आपल्याकडे बघणार, सुना-नातवंडांसमोर... त्यापेक्षा तहान बरी.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. दुष्काळात पाणी वाचवणारा माणूस आता आपल्या लाजेपायी पाणी वाचवत होता. सकाळी सासूबाईंना सहज विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "अगं, आम्ही बायका तर जन्मभर हेच करत आलो. गाडीत बसायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून चहा बंद." म्हणजे आमच्या घरात दोन माणसं तहानलेली प्रवास करत होती आणि आम्ही त्यांना खिडकीची जागा देऊन सेवा केल्याचं समाधान मानत होतो.

तिथून पुढे सहलीचं सगळं गणितच बदललं. कुठलं ठिकाण हा प्रश्न मागे पडला. अशी कोणती सहल, जिच्यात संडास-बाथरूम आपल्याबरोबर येतं? रेल्वे आणि बोट. हे म्हणाले, "गंमत करतेस का?" पण विचार करा. बोटीत खोली एकदा लावली की रोज बॅगा भरणं नाही, गावं आपोआप समोर येतात, आणि बाथरूम पलंगापासून पाच पावलांवर. श्रीमंतांची चैन म्हणून जिच्याकडे बघतो ती गोष्ट म्हाताऱ्या माणसाची सोय असू शकते, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

मुंबई-गोवा बोटीची कथा तशी तुटक आहे. जुन्या आगबोटी बंद पडून बरीच वर्षं झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात आंग्रिया सुरू झाली, तीही फार काळ चालली नाही. २०२१ च्या सप्टेंबरापासून कॉर्डेलियाची एम्प्रेस ही मोठी बोट मुंबईहून जाऊ लागली. आम्ही तिच्यातून गेल्या जानेवारीत गेलो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून थंडीचे दिवस धरले.

लेकरांना लक्षद्वीपला जायचं होतं. फोटो बघून मलाही मोह झाला. पण तिथं मोठी बोट काठाला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि माणसांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत उतरायचं, चढायचं. शिवाय प्रवेशाचा परवाना वेगळा. गोव्यात मात्र मुरगाव बंदरात बोट धक्क्याला लागते, शिडीवरून सरळ जमिनीवर. लेकरांना कारण सांगितलं, आजोबांचं नाव न घेता. थोरली म्हणाली, "गोवा तर गोवा."

आता ज्यांना खरोखर असं जायचंय त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी.

पहिलं म्हणजे रेल्वे. बोटीचं बुकिंग कित्येक महिने आधी होतं, पण १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. म्हणजे बोटीचे पैसे भरून झाल्यावरही गाडीचं तिकीट मिळेपर्यंत जीव टांगणीला. साठाव्या दिवशी सकाळी ८ ला दादा लातूर-मुंबई एक्स्प्रेससाठी आणि मी देवगिरीसाठी, दोघंही कॉम्प्युटरसमोर देव पाण्यात घालून बसलो होतो. २०२५ च्या ऑगस्टपासून नांदेडहून वंदे भारतही सुटते, पण ती बसून जायची, सासूबाईंना आडवं व्हावं लागतं.

दुसरं, खालचा बर्थ. ६० च्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच अशी माणसं असतील तर. आम्ही आई-बाबांचं तिकीट मुद्दाम वेगळं काढलं. दोघांनाही खालचे बर्थ मिळाले. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्या आशेवर हिशेब मांडू नका.

तिसरं, एक दिवस आधी मुंबईत. दोन्ही गाड्या सकाळी सीएसएमटीला पोचतात आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटांवर. त्याच दिवशी दुपारी बोटीत बसता येईल असं कागदावर दिसतं. पण गाडी उशिरा येणं आपल्याला नवं नाही, आणि बोट थांबत नाही. आम्ही पाच जण दादरला यांच्या मामांकडे आणि पाच जवळच्या लॉजवर राहिलो.

चौथं, खोली. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथं हेलकावे सगळ्यात कमी लागतात. लिफ्टजवळची मागावी. बाथरूमच्या दाराला उंबरा किती उंच आहे हे मी फोन करून विचारलं. पलीकडचा मुलगा गोंधळला बिचारा, पण विचारून त्याने परत फोन केला. आई-बाबांना खिडकीची खोली, आम्हाला बिनखिडकीच्या. मळमळीवर डॉक्टरांना विचारून गोळ्या आणि वर आवळा सुपारी.

पाचवं आणि महत्त्वाचं, गोव्यातला दिवस. बोट सकाळी लागते, संध्याकाळी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी परत यायचं. जहाजवाल्यांची सहल घेतली तर परत वेळेत आणायची काळजी त्यांची. आपण टॅक्सी केली तर काळजी आपली. आम्ही टॅक्सी केल्या, पण शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी धक्क्यावर, हे आधीच ठरवलं.

आणि दोन टॅक्सी दोन दिशांना. दहा जणांनी एकत्रच फिरलं पाहिजे असं कुठं लिहिलंय? आई, सासूबाई, दादा-वहिनी आणि लेकरं मोठ्या गाडीतून मंगेशीला, नंतर जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चला. बाबा, मी आणि हे बंदराजवळच्या बोगमाळो किनाऱ्यावर. वाळूला लागून हॉटेल, हॉटेलात बाथरूम. बाबांना मी एवढंच म्हणाले, "बाबा, तिथं बसायला जागा आहे, हॉटेलही आहे. कितीही वेळ बसू." बाथरूमचा शब्द काढला नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. त्यावर आम्ही आजतागायत बोललेलो नाही, आणि बोलायची गरजही नाही.

आईचंही सांगते. लग्नाला ५२ वर्षं झाली, बाबांना मागे ठेवून ती कधी देवाला गेली नव्हती. टॅक्सीत बसताना तीनदा उतरली. शेवटी बाबाच म्हणाले, "जा की. माझ्या वाटचा नमस्कार कर." संध्याकाळी आली ती चेहरा फुललेला, हातात अबोलीचा गजरा. सासूबाई आणि ती, दोघी विहिणी दिवसभर काय बोलल्या कुणास ठाऊक, तेव्हापासून त्यांचे फोन आम्हाला वगळून चालतात.

बाबांना सगळ्यात आवडलं ते मात्र गोवा नव्हे. मुंबईतून निघताना आम्ही डेकवर उभे होतो. पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन दिसत होत्या. मी म्हटलं, "बाबा, तुमची बाहेरची तूर इथं उतरते." म्यानमारची, आफ्रिकेची तूर बंदरात आली की लातूरच्या मोंढ्यात भाव ढासळतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं वहीत लिहिलं होतं. ते बंदर दिसेनासं होईपर्यंत कठड्याला धरून उभे राहिले. मधे दोनदा खोलीत जाऊन आले, कुणाला न सांगता, कुणाला न विचारता. मग भाच्याला म्हणाले, "पाण्याची बाटली दे रे." आणि अर्धी बाटली सरळ घशाखाली.

वहिनीने माझा हात दाबला. आम्ही दोघी समुद्राकडेच बघत राहिलो.

आपली सहल आपण आखावी असं मी म्हणते ते पैसे वाचतात म्हणून नाही (सगळं धरून फार वाचलेही नाहीत). टूरवाले वाईट असतात असंही नाही, एकट्यादुकट्याला त्यांचा आधारच असतो. पण त्यांच्या फॉर्मवर तो प्रश्न नसतो, आणि असला तरी बाबांनी त्याचं उत्तर परक्याला दिलं नसतं. आम्हालाही दिलं नाहीच, वहिनीने बघून ओळखलं. तारखा, तिकिटं, खोल्या हे सगळं नेटवर मिळतं. आपलं माणूस कशामुळे नाही म्हणतंय ते घरातच शोधावं लागतं. म्हातारी माणसं प्रवासाला नाही म्हणत नाहीत, बहुतेक वेळा ती ओशाळं व्हायला नाही म्हणतात.

असो. मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. "रविवारी नांदेडला येऊलालो." मी विचारलं, दादा सोडायला येतोय का? तर म्हणाले, "कशाला? पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे. अन् स्टँडवर चौकशी केलीय मी. अहमदपूरला दहा मिनिटं थांबते गाडी, लोह्यालाही थांबते."

मी म्हटलं या, भाकरी अन् ठेचा करून ठेवते.

तुमच्या घरातही कुणी "घर सांभाळतो" म्हणत असेल, तर कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि कळवा काय निघालं ते. मावशी, तुझा कागद अजून आलेला नाही, लक्षात आहे माझ्या.