मचाणावरची संध्याकाळ, ओहायो स्टाइल!

ऑनसाईटला कोलंबसमध्ये आहात? मग नोव्हेंबरात एखादा कलीग भर दुपारी लॅपटॉप बंद करून पार्किंगकडे पळताना दिसला, तर समजून जा. स्वारी निघाली मचाणावर, हरणाच्या शिकारीला!

आपल्या कानाला हे खटकतंच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हणजे थेट जेलची हवा. ओहायोची गोष्ट वेगळी आहे. जंगलतोड आणि बेसुमार शिकारीमुळे १९०४च्या सुमारास इथे हरीण औषधालाही उरलं नव्हतं. मग कडक नियम आले, हरणं बाहेरून आणून सोडली गेली. आज ती सगळ्या ८८ काउंटींमध्ये आहेत. लांडगे आणि प्यूमा कधीच संपलेत. त्यामुळे हरणं बिनधास्त शेतं खातात, हायवेवर गाड्यांना धडकतात. म्हणून हा सीझन: धनुष्यबाणाचा सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. लायसन्सची फी वन्यजीवांच्याच कामाला जाते.

माझ्याकडे लायसन्स नव्हतं. मी फक्त प्रेक्षक. कोलंबसहून हायवे ३३ने तासाभरात हॉकिंग हिल्सचा भाग लागतो. ओक, मेपल, हिकरीच्या टेकड्या आणि गुडघाभर पाचोळा. जमीन खासगी, त्यामुळे मालकाची लेखी परवानगी कलीगच्या खिशात.

इथलं मचाण म्हणजे झाडाला पट्ट्यांनी आवळलेली लोखंडी खुर्ची, जमिनीपासून १८ फुटांवर. आधी हार्नेस, मग शिडी. कारण इथे शिकारी जखमी होतात ते बऱ्याचदा मचाणावरून पडून. क्रॉसबो नंतर दोरीने वर ओढायचा, आणि बाण लावायचा तो वर बसल्यावरच. क्रॉसबोला बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवं धनुष्य. ट्रिगर दाबला की बाण सुटतो. सोपं वाटतं ना? पण समजूतदार शिकारी ३०-४० यार्डांपलीकडे बाण मारत नाही, आणि दुसरा बाण चढेपर्यंत हरीण पसार. चान्स एकच!

मग नुसतं बसायचं. मोबाईल बंद, परफ्यूम नाही, वारा तोंडावर. पहिला तासभर सगळीकडे खाज सुटते. दुसऱ्या तासाला पाचोळ्यातली खार हत्तीएवढी ऐकू येते.

सूर्यास्त सव्वापाचचा. त्यानंतर कायद्याने फक्त अर्धा तास. साडेपाचच्या आसपास एक मादी आली, जेमतेम २५ यार्डांवर, ओकची फळं खात. तोंड आमच्याकडे. कलीगने बोट ट्रिगरवर नेलंच नाही. समोरून मारलेला बाण नीट लागला नाही, तर जनावर रात्रभर तडफडतं. उजेड चालला होता. ती तशीच निघून गेली, तर आजचा दिवस संपला असता. मग ती सावकाश आडवी वळली. थप्प! दोन उड्या, आणि ती झाडीत गायब.

मला वाटलं, आता उतरायचं. छे! अर्धा तास हलायचंच नाही. लगेच पाठलाग केला तर जखमी हरीण आणखी लांब पळतं. तो अर्धा तास आधीच्या तीन तासांपेक्षा मोठा होता. नीट लागला असेल ना, हेच दोघांच्या डोक्यात. नंतर टॉर्चच्या उजेडात पाचोळ्यावर रक्ताचा एक थेंब, चार पावलांवर दुसरा. साधारण ७० पावलांवर ती सापडली. फार वेळ लागला नव्हता. कलीग तिच्याशेजारी बसला, मानेवर हात ठेवला, आणि मिनिटभर काहीच बोलला नाही. मग टॅग, ग्लोव्हज, चाकू. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही. निम्मं त्याच्या फ्रीजरमध्ये, निम्मं फूड बँकेला.

शिकार मला पटली, असं नाही. पण 'अर्धा किलो, चरबी कमी' सांगून दुकानाबाहेर मोबाईल बघत उभे राहणारे आपण, त्या अर्ध्या किलोमागचा जीव कधी बघतो? बाण सुटायला एक सेकंद लागतो. त्याआधीचं थांबणं आणि नंतरचं शोधणं, जबाबदारी त्यात असते.

जायचंय?
ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. शिकार नको असेल तर हॉकिंग हिल्स स्टेट पार्कात ओल्ड मॅन्स केव्ह आणि ऐश केव्हचे ट्रेल्स मस्त आहेत. सीझनमध्ये जंगलात फिरताना भडक केशरी जॅकेट घाला. शिकार करायचीच असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, शिवाय हरणाचं वेगळं परमिट. आणि थर्मल्स विसरू नका!