भुऱ्याची वही

वाचकहो, ज्या घरात कोणी इन्सुलिन घेते, त्या घरात घड्याळाला किती मान असतो हे आपणांस ठाऊकच आहे. माझ्या घरी इन्सुलिन घेणारे दोघे होते. एक माझी आई, वय ७६. आणि दुसरा भुऱ्या नावाचा ११ वर्षांचा बोका. त्या दोघांची काळजी ज्याच्यावर होती, त्या माझ्या नोकरीला मात्र घड्याळ नव्हते.

मी अमरावतीस एस.टी.त वाहक होतो. कधी पहाटे ५ वाजता अकोल्याची गाडी, कधी दुपारची परतवाड्याची, तर आठवड्यातून एक-दोनदा धारणीचा मुक्काम. मेळघाटातला घाट चढू लागला की फोन मुका होई आणि घरी काय चालले आहे हे दुसऱ्या दिवशी खाली उतरल्यावरच कळे. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली होती. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला होती. भुऱ्या तिनेच शाळेत असताना ओढणीत गुंडाळून आणलेला.

त्या हिवाळ्यात भुऱ्या न्हाणीघरातल्या बादलीतून पाणी पिऊ लागला. खाणे दुप्पट झाले, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. मग एके दिवशी तो मागच्या पायांचे तळवे जमिनीला टेकवून, सशासारखा चालताना दिसला. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "यालेबी माह्यासारखीच साखर झाली वाट्टे." मी हसलो. ती हसली नाही.

भुऱ्याला टोपलीत घालून मी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत नेले. आईचे निदान खरे ठरले. तेथील डॉक्टरांनी समजावले की मांजरांचा मधुमेह पुष्कळसा माणसांच्या प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहासारखा असतो. वय वाढलेले, नसबंदी झालेले, वजनदार बोके त्यात अधिक सापडतात. पायांचे ते चालणेही साखरेने मज्जातंतूंवर केलेल्या परिणामामुळे. भीतीनेसुद्धा मांजराची साखर चढते, म्हणून दवाखान्यातल्या एकाच आकड्यावर न विसंबता त्यांनी मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन ही तपासणी केली. उपचार ठरला तो असा : दर १२ तासांनी इन्सुलिन, आधी खाणे आणि मग सुई. वेळेवर उपचार मिळाला तर काही मांजरांची इन्सुलिनची गरज पुढे संपतेही, असे त्यांनी सांगितले. मात्र ते तपासणीने ठरवायचे, आपल्या मनाने नव्हे.

मी त्यांना माझ्या ड्यूटीचा पाढा वाचून दाखवला. पहाटेची गाडी असेल तर ४ वाजता देऊ का, मुक्काम असेल तर सकाळी दुप्पट देऊन जाऊ का, असे विचारू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "दुप्पट कधीही नाही. एखादी मात्रा चुकली तर चुकली, पुढची नेहमीच्या वेळी नेहमीएवढीच द्यायची. पण मला हे सांगा, घरी नेहमी कोण असते?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्यासमोर रोज बसत होते. मला ते दिसले नव्हते. घरी नेहमी आई असे. पण आई म्हणजे रुग्ण, तिच्याकडे पाहायचे; तिच्याकडून काही करवून घ्यायचे नाही, असे मी मनाशी धरून बसलो होतो. वास्तविक गेली नऊ वर्षे ती स्वतःची सुई स्वतःच घेत होती. पुढच्या फेरीला मी तिलाही अकोल्यास घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिच्या हाती पाण्याने भरलेली सिरिंज दिली आणि मानेमागची कातडी चिमटीत उचलून दाखवली. तिची बोटे थोडी कापत, परंतु भुऱ्या तिच्या मांडीवर जसा निवांत राही तसा माझ्या मांडीवर कधीच राहिला नाही. आईच्या सुईच्या वेळा सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ अशा होत्या. भुऱ्याच्याही त्याच ठरल्या.

येथे एक धोका डॉक्टरांनी बजावून सांगितला, तो आपल्याही घरी उपयोगी पडेल. आईची बाटली ४० युनिटची होती. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. भुऱ्याचे इन्सुलिन १०० युनिटचे, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० युनिटचे औषध भरले, तर त्याच आकड्याच्या रेघेपर्यंत अडीचपट मात्रा जाते. म्हणून आम्ही दोन डबे केले. आईचा स्टीलचा आणि भुऱ्याचा प्लॅस्टिकचा, दोन वेगळ्या फळ्यांवर.

पहिले दोन महिने सुरळीत गेले. मात्रा एका युनिटवरून दोनवर आली, पाय सुधारू लागले. आणि मग ती रात्र आली. अकोल्याची गाडी उशिरा पोहोचली, मी ८ वाजता घरी आलो. आई शेजारी भजनाला गेली होती. भुऱ्या पायांत घोटाळत होता. मी त्याला खायला दिले, त्याने चार घास खाल्ले, मी सुई दिली. आई ७ वाजता देऊन गेली होती, हे मला ठाऊक नव्हते. ती परतल्यावर आम्ही जेवलो, बोललो, पण हा विषय निघालाच नाही.

मध्यरात्री आईने हाक मारली. भुऱ्या दारूड्यासारखा झोकांड्या खात होता, डोळ्यांची बुबुळे मोठी झाली होती. आईच्या ग्लुकोमीटरवर कानाच्या कडेच्या थेंबाचा आकडा आला ४६. माणसाच्या यंत्रावर मांजराची साखर थोडी कमीच दिसते, हे मला सांगितलेले होते. तरीही त्याची अवस्था आकड्यापेक्षा बोलकी होती. आईने विचारात वेळ घालवला नाही. मधाचे बोट त्याच्या हिरड्यांवर चोळले, थोडे थांबून पुन्हा चोळले. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तो शुद्धीवर असेपर्यंत हेच करायला आणि गिळू लागला की खायला द्यायला सांगितले. दर अर्ध्या तासाला साखर पाहायची, सकाळची मात्रा द्यायची नाही, आणि झटके आले तर थेट दवाखाना. पहाटेपर्यंत तो सावरला. आम्ही दोघे मात्र भिंतीला टेकून तसेच बसलो होतो.

उजाडताना मला माझीच लाज वाटली. तीस वर्षे मी गाडीत बसलेल्या प्रत्येक माणसाचा हिशेब ठेवला होता. प्रत्येक टप्प्याला वे-बिल भरल्याशिवाय गाडी पुढे जाऊ दिली नव्हती. आणि घरी एका जिवाचे औषध आठवणीच्या भरवशावर सोडले होते.

त्याच दिवशी दोनशे पानांची वही आणून फ्रिजजवळ सुतळीने पेन्सिलसकट टांगली. तारीख, सकाळ, संध्याकाळ. आणि प्रत्येकाखाली दोन रकाने, भुऱ्या व आई. सुई देणाऱ्याने तिथल्या तिथे खूण करायची. खूण नसेल तर विचारायचे. विचारूनही शंका उरली तर द्यायचे नाही. एक मात्रा चुकल्याने बहुधा फार बिघडत नाही. दोनदा दिल्याने जीव जाऊ शकतो.

महिनाअखेर मी ती वही वे-बिलासारखी तपासायला बसलो. भुऱ्याचा रकाना भरलेला होता, एकही जागा सुटलेली नव्हती. आईच्या रकान्यात मात्र संध्याकाळच्या सहा जागा रिकाम्या होत्या. तारखा मी माझ्या ड्यूटीशी ताडून पाहिल्या. सहाही रात्री मी धारणीला मुक्कामाला होतो.

मी विचारले तेव्हा ती आधी टाळत राहिली. मग म्हणाली, "एकटीसाठी काय सयपाक करू रे? चहा-पोळी खाऊन पडून रायतो. जेवलीच नाही तं सुई कायले टोचू?"

तिचे गणित एका परीने बरोबर होते. न जेवता इन्सुलिन घेऊ नये हे तिला ठाऊक होते. चूक सुईत नव्हती, रिकाम्या ताटात होती. आणि ती किती वर्षे तशी होती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. डॉक्टर तिच्या साखरेचे चढउतार पाहून गोळ्या बदलत राहिले, मी पथ्यावरून तिला बोलत राहिलो. ती एकटी जेवत नाही, हे मला एका बोक्याच्या वहीने सांगितले.

मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार उरला नव्हता. मुक्कामाच्या दिवशी निघण्यापूर्वी भाजी-वरण करून ठेवू लागलो. शेजारच्या वहिनी ७ वाजता तिच्यासोबत ताट घेऊन बसू लागल्या. आईने स्वतःच नियम केला : भुऱ्याची वाटी आणि आपले ताट एकाच वेळी मांडायचे. पुढच्या महिन्यात रिकामी जागा एकच होती, आणि त्या दिवशी तिला ताप होता.

भुऱ्या त्यानंतर साडेतीन वर्षे जगला. इन्सुलिन त्याचे सुटले नाही, पण तो कुंपणावर चढत असे आणि उन्हाळ्यात माठाखालच्या ओल्या वाळूत झोपत असे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात वीज गेली की आम्ही दोघांच्या बाटल्या घट्ट डब्यात घालून त्याच माठाशेजारी ठेवत असू.

वाचकहो, आपल्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल, आणि सांभाळणाऱ्याच्या कामाला वेळकाळ नसेल, तर आधी पाहा की घरी नेहमी कोण असते. वेळ त्याच्या सोयीने डॉक्टरांना विचारून ठरवा. एक वही टांगा. आणि ती केवळ भरू नका, महिन्यातून एकदा शांतपणे वाचा. रिकाम्या जागांबद्दल विचारा, पण आवाज चढवू नका.

मी आता निवृत्त झालो आहे, रोज ७ वाजता घरीच असतो. वही अजून तिथेच टांगलेली आहे. भुऱ्याचा रकाना आईने खोडू दिला नाही. आपली खूण करून झाली की ती पेन्सिल माझ्या हातात देते आणि विचारते, "तू जेवला का?"