सातबारा आणि पडकई

साहित्य शिकवणारे आम्ही ‘भूमी’ हा शब्द सैलपणे वापरतो. भूमी म्हटले की आम्हांला माता आठवते, मृद्गंध आठवतो. गाव नमुना सात आणि बारा आठवत नाहीत. आमचे गाव अवसरी बुद्रुक. तेथे मात्र जाणते माणूस सातबारा वाचते, आणि कुळाचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यातून भोगवटादाराच्या रकान्यात जाणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही. १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालक होण्याची वाट मोकळी केली. नाव लागले की खंड थांबतो, विहीर खोदण्याची उमेद येते. दारिद्र्यातून सुटण्याचा तो पहिला आधार.

तो पुरेसा आहे असे मात्र आम्हांला म्हणवत नाही, कारण आमच्याच तालुक्याची पश्चिम बाजू आडवी येते. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगावच जलाशयात गेले. उजव्या कालव्याने अवसरीच्या शिवारात पाणी आले; वर महादेव कोळी कुटुंबांची भातखाचरे बुडाली.

त्या कुटुंबांपाशी उरला तो डोंगरउतार. तेथे ‘पडकई’ ही त्यांची जुनी रीत कामी आली: घरे एकत्र येतात, आळीपाळीने एकमेकांच्या उतारावर दगड फोडतात, ताली रचतात, माती सपाट करून खाचर घडवतात. ‘शाश्वत’ या संस्थेने या कामाला आणि जलाशयातील मासेमारीच्या हक्काला बळ दिले; २०१२ साली तिला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

पूर्वेकडे जमीन होती, नाव नव्हते. पश्चिमेकडे जमीनच पुन्हा घडवावी लागली, आणि वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना दावा करण्यासाठी २००६च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली. म्हणून ‘भूमिहीनांना जमीन द्या’ या मागणीत आम्हांला दोन मागण्या ऐकू येतात: कागदावर नाव, आणि पिकण्याजोगी माती. नुसता कागद मिळालेला माणूस खडकाचा मालक होतो. नुसती माती घडवणारा कधीही उठवला जाऊ शकतो.

अवसरीचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्याच्या तळाशी कोणाची तरी खाचरे आहेत. आमच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही. ती ठेवण्याचे काम निदान आमच्या लेखनाने करावे.