लोडवर बघितलंस का?

‘नवीन आहे ना, मग टेन्शन कसलं?’ हे वाक्य आपण सगळेच येता-जाता म्हणतो. नवा फ्लॅट, नवी बाइक, नवा लॅपटॉप. कोऱ्या वस्तूत बिघाड असूच शकत नाही आणि निघालाच तर तो कंपनीचा, आपण फक्त फोन करून भांडायचं, असा आपला सरळ हिशोब. हा हिशोब माझ्या मामेभावाच्या कोऱ्या करकरीत मोटरबोटीने पार मोडीत काढला.

आधी माझ्याबद्दल. डिग्री इलेक्ट्रिकलची, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअर सपोर्टची. म्हणजे ओहमचा नियम शेवटचा व्हायव्हात म्हटलेला. पण देवबागला मामाकडे मी अजूनही ‘इंजिनियर’च आहे. त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरात दादाचा फोन आला, तेव्हा ‘ते माझं काम नाही’ म्हणायची सोयच नव्हती.

दादाने कर्ज काढून फायबरची बोट बांधून घेतली होती. मागे चाळीस हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर, जीपीएस, पाणी उपसायचा पंप, सगळं चकाचक. बोट आली मे महिन्यात. पावसाळ्यात पर्यटन बंद, म्हणून चार महिने ती माडाच्या बागेत ताडपत्रीखाली झोपून होती. सप्टेंबरात नारळ फुटला, मामाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हटलं आणि बोट पाण्यात गेली.

पहिले काही दिवस मस्त. मग एका सकाळी डॉल्फिन बघायला दादाने इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर नुसतं ‘टिक’. पुन्हा ‘टिक’. जीपीएसचा पडदा काळा होऊन परत सुरू. बोटीत सहा माणसं, त्यातली दोन लहान मुलं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर ओढतं, समोरून लाटा येतात आणि मुखाशी त्या फुटतात. बोट हळूहळू तिकडेच सरकायला लागली. दादाने नांगर टाकला, शिट्ट्या मारल्या, शेजारची बोट आली आणि दोरी बांधून त्यांना किनाऱ्याला आणलं. कुणाला काही झालं नाही. पण दादाने त्या दिवसापासून एकही पर्यटक बोटीत घेतला नाही.

‘‘माका बोटीची भीती वाटणा नाय गो,’’ तो फोनवर म्हणाला, ‘‘आत बसलेल्या पोरांची वाटता.’’

दिवाळी १२ नोव्हेंबरला. कोकणात गर्दी तेव्हाच. हप्ता मात्र दर महिन्याला.

आता पुढची गंमत ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल. मोटरवाला मेकॅनिक म्हणाला, मोटर ओके आहे, वायरिंग बघा. बोट बांधणारा म्हणाला, वायरिंग ओके आहे, बॅटरी बघा. बॅटरीवाल्याने बॅटरी बदलून दिली. नवी बॅटरी, तोच ‘टिक’. आपल्याकडे सपोर्टचं तिकीट एका टीमकडून दुसरीकडे फिरतं ना, अगदी तस्संच!

दसऱ्याला जोडून मी तीन दिवसांची रजा टाकली आणि मल्टिमीटर घेऊन देवबागला पोचले. मामीने मोटरला झेंडूची माळ घातली होती. म्हणाली, तुझ्या त्या मीटरलापण घाल.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून केली. किल-स्विचची दोरी जागेवर? आहे. गिअर न्यूट्रलला? आहे. फ्यूज शाबूत? हो. बॅटरीचे नट घट्ट? हो. बॅटरी मोजली, १२.७ व्होल्ट. बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असली आणि शांत बसली असली की साधारण एवढाच आकडा दिसतो. मीटर ‘बीप’वर ठेवून केबल तपासली. बीप वाजला, म्हणजे तार सलग आहे. मेकॅनिकनेही हेच केलं होतं आणि ‘ओके’ म्हणून निघून गेला होता.

पण तो बीप फार फसवा. पहाटे तीन वाजता लक्ष्मी रोडवरून एक स्कूटर आरामात जाते, म्हणून गणपतीची मिरवणूकही तिथून सुळकन निघेल का? मीटर तारेतून अगदी चिमूटभर करंट सोडतो. त्याला एक धागा पुरतो. स्टार्टर मात्र शंभर अँपिअरच्या घरात खेचतो. वाटेत ०.०२ ओहम इतका फालतू अडथळा असला, तरी शंभर अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारातून दोन गेले की स्टार्टर रुसतो. म्हणून तार मोजायची तर लोडवर, म्हणजे काम चालू असताना मोजायची.

शिवाय बोट किनाऱ्यावर गुणी बाळासारखी सुरू व्हायची. रुसायची ती तासभर हादरे खाल्ल्यावर. तेव्हा आम्ही भरतीच्या वेळी नदीच्या शांत पाण्यात गेलो. सोबत मामाच्या मित्राची होडी आणि नांगर तयार. तासभर फिरवून इंजिन बंद केलं. बाकांखालची झाकणं उघडून पेट्रोलची वाफ जाऊ दिली. दादाने किल्ली फिरवली. टिक!

त्याच क्षणी बॅटरीवर आकडा ११.४. किल्ली पुन्हा फिरवली, मोटरच्या टोकाला ८.६. म्हणजे २.८ व्होल्ट वाटेत गायब. चोर वाटेतच होता. मग मीटरची एक पिन केबलच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. पॉझिटिव्ह बाजूला ०.४, म्हणजे ठीकठाक. निगेटिव्ह बाजूला २.४. सापडला!

झालं होतं असं. मागे वजन फार होऊ नये म्हणून बोट बांधणाऱ्याने बॅटरी मधल्या बाकाखाली नेली. मोटरसोबत आलेली केबल तिथवर पुरेना, म्हणून जोड दिला. तोही साध्या तांब्याच्या तारेचा, पकडीने दाबलेला, वर काळी टेप. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली आणि मग टेप सोलली. आत हिरवी पूड. चार महिने कोकणातली खारी दमट हवा तारेच्या धाग्यांत मुरत होती. बोट कोरी, पण तिच्या जोडाने एक अख्खा पावसाळा काढला होता.

‘‘मगे नवी तार कुजली कशी?’’ मामाने विचारलं. मी म्हटलं, मामा, बोटीला कलई केलेली तार लागते, ही बिनकलईची. मामा हसला. ‘‘म्हणजे कलय नसलेलो टोप!’’ एवढं सोपं एक्स्प्लनेशन मला कॉलेजात कुणी दिलं नव्हतं.

एक प्रॉब्लेम मात्र उरला होता. रात्री पाऊस पडला की बोटीत पाणी साचायचं आणि पंप ढिम्म. सगळ्यांना वाटलं, त्याच जोडाची करामत. पण पंपाला लागतात चार-पाच अँपिअर, एवढ्याने तो अडणार नाही. बघितलं तर पंप मेन स्विचच्या मागे जोडलेला. दादा रात्री मेन स्विच बंद करून घरी जायचा, पंपही झोपायचा. त्याला थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसकट वेगळी लाइन दिली. दोन दुखण्यांचं औषध एकच असेल, असं धरून चाललो असतो तर जोड बदलूनही पंप रुसलेलाच राहिला असता.

मुंबईला लोहार चाळीत ओळखीने निरोप धाडला. कलई केलेली जाड केबल आली. पूर्ण लांबीची, मध्ये जोड नाही. टोकं प्रेसमध्ये दाबून, वर गोंद असलेली श्रिंक-नळी. तोवर माझी रजा संपली होती, हे काम दादाने स्वतः केलं. बोट पुन्हा तासभर फिरवली, पण माणसं घ्यायची घाई केली नाही. सलग आठ दिवस रिकामीच नेली. दर वेळी इंजिन मुद्दाम बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

मी पुण्याला परतल्यावर ऑफिसात एक सवय लागलीय. नवा सर्व्हर आला आणि कुणी ‘टेस्ट केलाय, ओके आहे’ म्हटलं की मी विचारते, ‘‘लोडवर बघितलंस का?’’ खरं सांगायचं तर माणसांनाही हाच प्रश्न विचारावासा वाटतो. शांत बसलेला कोण १२.७ दाखवत नाही?

दिवाळीत भाऊबीजेच्या सकाळी दादाचा मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसता मीटरचा फोटो. किल्ली फिरवताना मोटरच्या टोकाला १०.९ व्होल्ट. फोटोच्या कोपऱ्यात लाइफ जॅकेट घातलेल्या एका छोट्या मुलीचे पाय दिसत होते.