मार्वेच्या वाटेवरची बैठक

मालाड स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडलात की प्रथम गर्दी सामोरी येते. ती ओलांडून मार्वे रोड धरला की ऑर्लेमचे चर्च मागे पडते, मीठ चौकीला लिंक रोड आडवा येतो आणि त्यावरून, डोक्याच्याही वर, मेट्रो निघून जाते. पुढे मालवणी, मग खारोडी आणि मग वाऱ्याला खारा वास येऊ लागतो. रस्ता संपतो तिथे मार्वेचा धक्का आहे. समोर खाडी आणि पलीकडे मनोरी. बोटीतून उतरणारी माणसे पाहत घटकाभर बसावे, इतकेच तिथले सुख.

माझी आई बहात्तर वर्षांची आहे. दर रविवारी संध्याकाळी मोटारसायकलवर मागे बसवून तिला तिथे नेण्याचा माझा अनेक वर्षांचा नेम होता. गतवर्षी गाडीच्या मूळ सीटचा फोम दबला, म्हणून मी एक तयार सीट बसवून घेतली. आईला मऊ वाटावे, हाच हेतू होता. नवी सीट जाड होती, चकचकीत रेक्झिनची होती आणि मागच्या बाजूला उंच होती. ती जागेवर नीट बसेना. बसवणाऱ्याने तळव्याने जोर देऊन कुलूप लावले आणि म्हटले, “आठ दिवस चालवा, आपोआप बसेल.”

मी त्यावर विश्वास ठेवला. महिनाभरात आईची कंबर दुखू लागली. प्रथम ती “वय झालं रे” म्हणाली, नंतर “आज नको, तू जा” म्हणू लागली आणि अखेरीस रविवारी तयार होणेच तिने सोडले. आम्ही मलम आणले, डॉक्टरांना दाखवले. मणक्यात वयोमानाप्रमाणे झीज होती, नवे काही नव्हते. घरातल्या सर्वांनी मनाशी ठरवून टाकले की आईचे फिरणे संपले.

एके दिवशी माझ्या हाताला दुखापत झाली म्हणून मुलाने गाडी चालवली आणि मी मागे बसलो. मीठ चौकीपर्यंतही मला नीट बसवले नाही. सीटचा उतार पुढे होता, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला मी घसरून मुलाच्या पाठीवर जात होतो. उंची वाढल्याने पाय फूटरेस्टवर पुरते टेकत नव्हते आणि मांड्यांखाली कड रुतत होती. खड्डा आला की सीट डावीकडे किंचित झुकून पुन्हा सावरे. ते सावरण्यासाठी माझी कंबर नकळत ताठ होत होती. आई हे सारे काही महिने सोसत होती आणि आम्ही त्याला वय म्हणत होतो.

तुमच्या घरी ही चूक होऊ नये, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सीटचा फोम वापराने दबतो, पण खालचा कडक पाया वापराने गाडीच्या मापाचा होत नाही. त्या पायाला रबरी गुटके असतात आणि सीटवरचा भार ते गाडीच्या सांगाड्यावर सोडतात. एखादा गुटका टेकत नसेल तर सीट डुलते आणि सारा ताण कुलपावर व बसणाऱ्याच्या पाठीवर येतो. पाहण्याची युक्ती सोपी आहे. गाडी बंद करून मधल्या स्टँडवर उभी करा. गुटक्यांना खडूची पूड लावा, सीट बंद करा आणि पुन्हा उघडा. सांगाड्यावर प्रत्येक गुटक्याचा ठसा उमटला पाहिजे. कुलूप हलक्या दाबाने लागावे आणि मागचे टोक वर ओढून पाहिल्यास सीट हलू नये.

मग वृद्ध व्यक्तीला आधार देऊन बसवा. दोन्ही पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का, मागची पकड हाताला येते का, शरीर पुढे घसरते का, हे पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी चालवणाऱ्याने एकदा स्वतः मागे बसून दहा मिनिटे प्रवास करावा. चालवणाऱ्याच्या हाती हँडल असते, मागच्याचा आधार केवळ ती बैठक. डुलणाऱ्या सीटवर सुटी उशी ठेवू नका, तीही घसरते. एका अंगाने बसल्यास कंबर पिळली जाते आणि तोलही कमी राहतो. जमत असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे बरे.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 128नुसार मागच्या व्यक्तीसाठी घट्ट बसवलेली योग्य सीट हवी. 1989च्या केंद्रीय नियमांतील नियम 123नुसार हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. हेल्मेट मागच्यालाही हवेच.

सर्व दुखणे सीटचे नसते, हेही ध्यानात असू द्या. पायात अचानक अशक्तपणा आला, बैठकीच्या भागात बधिरता जाणवली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर विलंब न लावता रुग्णालय गाठा. हाडे ठिसूळ असतील, खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर दुचाकीवर बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. रिक्षा करण्यात कमीपणा नाही.

मी ती सीट काढली. माळ्यावरची जुनी सीट उतरवली, तिच्याच मूळ पायावर मूळ उंचीचा नवा फोम घालून घेतला आणि वर न घसरणारे कव्हर शिवून घेतले. डॉक्टरांनी होकार दिल्यावर आईला प्रथम ऑर्लेमपर्यंतच नेले. ती उतरली, कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, “इथवर आलो, तर पुढे का नाही?”

आता महिन्यातून दोन रविवार आम्ही मार्वेला जातो, उरलेले दोन ती स्वतःहून घरी थांबते. कंबर अधूनमधून दुखते, कारण वय खरेच झाले आहे. पण वयाचे किती आणि सीटचे किती, हे आता आम्हांला कळते. तुमच्या घरी कुणी “आज नको” म्हणू लागले असेल, तर येत्या रविवारी एकदा तुम्ही मागे बसून पाहा.